पाजणीच्या जागेचा राष्ट्रपती

राष्ट्रपती कसा निवडतात हे गिरिधर मास्तरांनी सांगायला सुरुवात केली, तेव्हा पन्ह्याचा पहिला गडवा नुकता आला होता. त्यांचं सांगून संपलं तेव्हा तिसरा गडवा रिकामा झाला होता आणि श्रावण भिंतीला टेकून झोपला होता.

मास्तर हे ईश्वरदासचे जावई. सावनेरच्या शाळेत शिकवायचे. अक्षयतृतीयेला बायकोला घेऊन आले ते अजून गेले नव्हते. १९५२ साल होतं, नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होती, आणि त्या आठवड्यात तिथे आमदारांचं राष्ट्रपतीसाठी मतदान झालं. मास्तर भर उन्हात दोन तास विधानसभेबाहेर उभे राहून आले. मोटारींशिवाय त्यांना काही दिसलं नव्हतं. पण उत्साह काही कमी झाला नव्हता.

"म्हंजे राष्ट्रपती आपन नाई निवडत?" आत्यानं विचारलं.

अनुसयाबाई ही ईश्वरदास, जागेश्वर आणि श्रावण या तिघा भावांची सख्खी आत्या. साठी उलटलेली. सगळे लहानमोठे तिला आत्याच म्हणत.

"तुम्ही आमदार निवडला, आत्या. आमदार राष्ट्रपती निवडतो."

"हिवाळ्यात मी रांगेत उभी राहिली. बोटाले शाई लावून घेतली. त्या आमदारानं मले इचारलं का, आता कोनाले देऊ म्हनून?"

"नाही. तसं विचारत नाहीत."

"मंग बरं हाय. माह्या घरचा शिधा, सयपाक त्याचा, अन् मले चाखू बी देत नाई."

ईश्वरदासच्या घरापुढच्या छपरीत हशा पिकला. श्रावण जागा झाला आणि काय झालं हे न कळता तोही हसला.

पण सगळे जमले होते ते राष्ट्रपतीसाठी नव्हे. तिघा भावांच्या आणि आत्याच्या अशा चारही घरांच्या मागे साठ हात लांब मोकळी जागा होती. तिथे पाजणी व्हायची. लुगड्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचा, त्याला खळ लावायची, आणि दोन्ही बाजूंनी दोघांनी मोठे कुंचे फिरवत बरोबरीनं चालत जायचं. पहाटे सुरू केलं तर ऊन चढायच्या आत आटपायचं. ही जागा चौघांची मिळून होती. तिचं काय करायचं ते घराण्याचा अध्यक्ष ठरवेल, आणि अध्यक्ष सगळ्यांनी मिळून निवडायचा, असं या तिघांचे वडील रामाजी सांगून गेले होते. रामाजींना विणकरांच्या सभांना जायची आवड होती, त्यामुळे घरातही त्यांना अध्यक्ष हवा होता. ते जाऊन दोन वर्षं झाली तरी अध्यक्ष काही निवडला गेला नव्हता. आत्या पाजणीच्या पाळ्या लावायची आणि काम चालायचं.

अक्षयतृतीयेच्या जेवणावर ईश्वरदासनं विषय काढला. त्या जागेवर शेड बांधायची, विजेचे चार माग टाकायचे, दर घराला एक. कामठीला त्याच्या साडूनं टाकले होते. मी थोरला, मला अध्यक्ष करा, पावसाळ्याआधी शेड उभी करतो, असं तो म्हणाला. सगळे आत्याकडे बघायला लागले. आत्या म्हणाली, मंग मीबी उभी राहतो.

जागेश्वर तेव्हा एवढंच म्हणाला होता, "जागा नाई जाऊ द्यायची." आणि ताटावरून उठला होता.

"हात वर करा, मोजा, झालं," मार्तंड म्हणाला. हा जागेश्वरचा मुलगा, वीस वर्षांचा. त्याला विजेचा माग हवा होता आणि ते तो लपवत नव्हता.

"हात वर कायले करतो?" श्रावणची बायको भागीरथा म्हणाली. "तुह्या मोठ्या बाबाच्या घरात बारा मान्सं, आत्याच्या घरात तीन. भिंतीवर बारा लिहा अन् घरी जा. हातबी दुखत नाई."

"म्हणूनच म्हणतो," मास्तर पुढे सरकले, "राष्ट्रपतीसारखं करा. दर घरानं आपला एक माणूस निवडायचा. मत तोच देईल. पण त्याच्या मताची किंमत त्याच्या घरात जेवढी माणसं तेवढी."

"म्हंजे पुन्हा बाराच की," श्रावण म्हणाला.

"बाराच. पन बारा जनाइचा एक मानूस झाला ना," भागीरथा म्हणाली. तिला हे आवडलं होतं. "एका मान्साशी बसून बोलता येते. बारा जनाइशी काय बोलता? वरडा लागते."

"अन् तो एक मानूस फिरला तर?" मार्तंडनं विचारलं. "घरचे म्हनतात हे, अन् त्यानं आत जाऊन दिलं ते. मंग?"

मास्तर थोडे अडखळले. "ती भीती आहे खरी. तो या पद्धतीतला दोष आहे."

"दोष नाई काई," भागीरथा म्हणाली. "घरी आल्यावर त्याले जेवाले वाढू नका."

ईश्वरदास हे सगळं मिशीतल्या मिशीत हसत ऐकत होता. त्याला पद्धतीची काळजी नव्हती. स्वतःचे बारा. श्रावणचे सहा. श्रावण आयुष्यात कधी थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर गेला नव्हता. अठरा झाले. शिवाय जावयाचा मान राहत होता. आणि खरं म्हणजे हे तो स्वतःसाठी करत नव्हता. त्याचे दोन मुलगे रोज गिरणीच्या फाटकावर जाऊन बदली कामगारांच्या रांगेत उभे राहत आणि दुपारी परत येत. घरातली पोरं दुसऱ्याच्या फाटकावर उभी राहतात याची त्याला लाज वाटायची.

"चालते," तो म्हणाला. "लिहा जवाईबापू. माह्ये चौदा."

"बारा ना गा?" आत्या म्हणाली.

"सुनेले जानेवारीत जुळे झाले ना. चौदा."

"मामाजी, तिकडे माणसं मोजतात ती शिरगणतीची," मास्तर म्हणाले. "मागच्या साली फेब्रुवारीत शिरगणतीवाला आला होता, तेव्हा घरात जेवढे होते तेवढेच."

भागीरथानं लगेच उचलून धरलं. "बरोबर हाय. शिरगणतीचं. नाई तर उद्या निवडून याले कोनी तिळे आनीन."

ईश्वरदास मोठ्यानं हसला. "पाहा बा. घरचा जवाई, माह्यंच पन्हं पिऊन माह्येच दोन नातू कापून राहिला. लिहा बारा."

मास्तरांनी खडूनं भिंतीवर लिहिलं. ईश्वरदास बारा. श्रावण सहा. आत्या तीन.

"जागेश्वरमामा?"

जागेश्वर दाराशी बसला होता. "तीन," तो म्हणाला.

"चार," पुष्पलता म्हणाली.

पुष्पलता ही त्याची मुलगी, सतराची. ती माजघराच्या उंबऱ्यात उभी होती. "शिरगणतीवाला आला तवा आई होती. आईनंच त्याले चौघाइचे नावं सांगितले."

 पुष्पलताची आई गोपिका हिला जाऊन सात महिने झाले होते. मास्तरांचा खडू हातातच राहिला. मरण पावलेल्यांचं काय करतात हे त्यांना माहीत होतं, शिरगणतीत असलेलं माणूस धरायचं असा नियम सरळ होता, पण तो मोठ्यानं म्हणायची त्यांची हिंमत होईना.

"चार लिहा," ईश्वरदास म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. "माह्ये दोन नियमानं गेले, तर गोपिका नियमानं राहीन. लिहा."

मास्तरांनी चार लिहिले. एकूण पंचवीस. ज्याला तेरा, तो अध्यक्ष. मतदान परवा दुपारी.

*

जागेश्वरच्या घरातली निवडणूक त्याच संध्याकाळी चुलीपुढे झाली. मतदार तीन.

"मी जातो," मार्तंड म्हणाला. "अन् मी मोठ्या बाबाले देईन. आधीच सांगतो."

"मंग मी जाईन," जागेश्वर म्हणाला.

"बाबा, एक इचारू? राग नका करू." मार्तंडनं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "सात महिने झाले. आपला एक ताना त्या जागेवर लागला नाई. तुम्ही काकाच्या मागावर बसून काकाचे लुगडे इनून राहिले. मंग जागा कायले अडवून ठेवता? कोनासाठी?"

 उत्तर जागेश्वरपाशी होतं, पण ते मुलाला सांगण्यासारखं नव्हतं. बावीस वर्षं त्या जागेवर ताण्याच्या एका बाजूनं तो चालला होता आणि दुसऱ्या बाजूनं गोपिका. पहाटेच्या अंधारात मधल्या धाग्यांतून तिचं तोंड नीट दिसायचं नाही. बांगड्या वाजायच्या तेवढ्याच. ती 'चाल' म्हणायची आणि दोघं एकदम पाऊल टाकायचे. तिथं शेड उभी राहिली तर आपण कुठं चाललो होतो ते दाखवायलाही काही उरणार नाही, असं त्याला वाटायचं. आणि तिथं पाय ठेवायचा म्हटलं तर पाय उचलत नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

"तुमच्या दोघाइचे मतं मले माहीत हायत," पुष्पलता म्हणाली. "एक इकडे, एक तिकडे. म्हंजे राहिली मी. मीच जातो."

"तू कोनाले देशीन?" मार्तंडनं विचारलं.

"नाई सांगत. गुप्त असते ते."

"पाहा बाबा. निवडून याच्या आधीच फिरली."

जागेश्वर मुलीकडे बघत राहिला. सात महिन्यांत तिनं चूल, पाणी, कांड्यांवर सूत भरणं, सगळं न सांगता उचललं होतं. तिनं आपल्याकडे कधी काही मागितलं नव्हतं हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

"जाय मंग," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी हरकत घेतली. मतदार एकवीस वर्षांचा लागतो. आत्यानं ती जागच्या जागी निकालात काढली. "पोरगी सात महिने घर चालवून राहिली. आनखी कितीक वय पाहिजे तिचं?"

*

श्रावणच्या घरात निवडणूक झालीच नाही. श्रावणनं हात जोडले. "दादाले नाई दिलं तर दादाचं तोंड पाहावं लागते. आत्याले नाई दिलं तर आत्याचं. तू जाय."

म्हणून भागीरथा गेली. आणि ही बातमी फुटल्यावर तासाभरात ईश्वरदास आंब्यांची टोपली घेऊन तिच्या ओट्यावर हजर झाला.

भागीरथानं पदर डोक्यावरून पुढं ओढला. "हे काहून आनलं, मोठे भाऊजी?"

"लेकराइले खाऊ द्या."

"मास्तर म्हने, आमदाराले असं कोनी देलं तर त्याले लाच म्हनतात."

"आमदाराले म्हनतात. भावाच्या घरी आंबे आनले त्याले काय म्हनतात?"

"आंबेच म्हनतात," भागीरथा म्हणाली आणि टोपली आत घेतली.

ईश्वरदास ओट्यावर टेकला. त्यानं शेडचं सगळं सांगितलं. दार कुठं, खिडक्या किती, कोणता माग कुणाचा. भागीरथानं ऐकून घेतलं. त्याचं म्हणणं तिला चूक वाटत नव्हतं. तिचाही मोठा मुलगा दोन वर्षांत हाताशी येणार होता.

"भाऊजी, विजेचा माग आला म्हंजे ताना कुठं पाजाचा?"

"तयार मिळते तिकडे. गुंडाळलेलाच येते."

"मंग आमचं काय काम?"

"कोनाचं?"

"बायाइचं. पाजनी आम्हीच करतो ना अर्धी. खळ आम्ही शिजवतो. तुमच्या शेडमदी चार माग, चार पोट्टे. अन् आम्ही?"

ईश्वरदासनं याचा विचार केला नव्हता. "तुम्ही आराम करा," तो म्हणाला.

"बरं," भागीरथा म्हणाली. त्याची पाठ फिरल्यावर तिनं एक आंबा चोखून बघितला. चांगला होता.

थोड्या वेळानं, आंब्यांची बातमी चारही घरी पोचल्यावर, पलीकडच्या घरात पुष्पलता आत्यासमोर बसून कांड्या भरत होती. एक कांडी भरून झाल्यावर ती म्हणाली, "आत्या, मी तुम्हाले मत देईन. पन एक अट हाय."

"अगं वं. मले वाटलं तू आंबे मागशीन."

"जागा ठेवा. पन रिकामी नाई ठेवाची. बाबा तिकडे जातच नाई. तुम्ही जिंकल्या अन् ती तशीच पडून राहिली, तर मार्तंडचं खरं होते."

आत्यानं सुताचा रहाट थांबवला. "अन् मी सांगितलं तर जागू आइकीन?"

"माह्यं नाई आइकत. अध्यक्षाचं आइकाच लागीन."

*

मतदान ईश्वरदासच्या आतल्या खोलीत झालं. चौघांपैकी दोघांना लिहिता येत नव्हतं, म्हणून मास्तरांनी युक्ती काढली. ज्या कांड्या मागाच्या धोट्यात बसतात त्याच घ्यायच्या. पांढऱ्या सुताची म्हणजे ईश्वरदास, तांबड्या सुताची म्हणजे आत्या. प्रत्येकाला त्याच्या किमतीएवढ्या दोन्ही रंगांच्या दिल्या. एकेकानं आत जायचं, हव्या त्या रंगाच्या सगळ्या माठात टाकायच्या, उरलेल्या पोत्यात. कुणी काय टाकलं कुणाला कळणार नाही.

ईश्वरदास आपल्या घरातर्फे गेला. आत्यातर्फे तिचा मुलगा रूपराव. मग भागीरथा. मग पुष्पलता. ती बाहेर आली तेव्हा जागेश्वरनं तिच्याकडे बघितलं नाही. तो जमिनीकडे बघत होता.

मास्तरांनी माठ छपरीत आणला आणि उपडा केला. तांबड्या वेगळ्या, पांढऱ्या वेगळ्या. दोनदा मोजल्या.

"पांढऱ्या बारा," ते म्हणाले. "तांबड्या तेरा."

क्षणभर कुणालाच अर्थ लागला नाही. मग आत्या हसायला लागली. डोळ्यांना पदर लावून हसली.

"जवाईबापू, पांढऱ्या बारा. अन् बारा कोनाले देल्या होत्या? सांगा आता, गुप्त काय राहिलं?"

मास्तर ढिगाकडे बघत राहिले. कानापर्यंत लाल झाले. "हे माझ्या लक्षात आलं नाही," ते म्हणाले.

सगळी छपरी हसली, आणि सर्वांत मोठ्यानं ईश्वरदास. मग तो भागीरथाकडे वळला.

"आंबे?"

"लय गोड होते, मोठे भाऊजी. कोयाबी ठेवल्या. लावतो परसात."

श्रावण खांबाच्या आड सरकला होता. "दादा, मी नाई गा. हिनं देलं."

"माहीत हाय बे. तू बोलला असता तरी हिनं मले सहा मतं देले नसते."

मार्तंड मात्र हसला नाही. "हात वर केले असते तर मोठे बाबाच आले असते," तो म्हणाला. "घरात ज्याच्या मांगं जास्त मान्सं तो हरला. हा कोनता न्याय हाय? अन् एकाच मतानं. तेबी..." तो थांबला.

"तेबी तुह्या मायचं," ईश्वरदासनं वाक्य पुरं केलं. "बोल ना. खरं हाय. ती नसती तर बारा बारा झाले असते, अन् बारा बारा झाले असते तर थोरला म्हनून मी बसलो असतो." तो उठला. आत्याच्या पाया पडला. "हरलो त गोपिकाले हरलो. तिच्या हातचं खाल्लं हाय मी बावीस वर्स. बोला अध्यक्षीनबाई."

आत्या सावरून बसली. सगळ्यांना वाटलं, आता ती जागा राहील एवढं सांगेल आणि उठेल. जागेश्वरलाही तेच वाटलं. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. जागा राहिली. आणखी त्याला काही नको होतं.

"शेड होनार नाई," आत्या म्हणाली. "ईश्वरच्या पोराइले एक विजेचा माग टाकाचा असन तर त्याच्या ओसरीत टाका, मार्तंडनं तिथं शिकावं, मले माहीत हाय तो कितीक वाट पाहून राहिला. हे एक. दुसरं, पाजनीची जागा रिकामी राहाची नाई. उद्या पहाटे पाळी जागेश्वरची."

जागेश्वरनं मान वर केली. "माह्यी?"

"तुह्यीच."

"आत्या, माह्या ताना..."

"तयार हाय बाबा," पुष्पलता म्हणाली. "आईनं केलेला. आढ्याले टांगला हाय."

जागेश्वरनं भिंतीवरच्या आकड्यांकडे बघितलं. बारा, सहा, तीन, चार. त्याला वाटलं उठून निघून जावं. पण छपरीत सगळे बसले होते, आणि ज्या मतावर त्याची जागा राहिली त्याच मतावर हा हुकूमही निघाला होता. एक घ्यायचं आणि दुसरं टाकायचं, असं करता येत नव्हतं.

"बरं," तो म्हणाला.

*

पहाटे खळीचं भांडं घेऊन तो मागे गेला. रूपराव आणि श्रावणनं ताणा ताणून दिला होता. साठ हात. गोपिकानं लावलेला एकही धागा इकडचा तिकडे झालेला नव्हता. पुष्पलतानं खळ लावली. जागेश्वरनं कुंचा उचलला आणि आपल्या बाजूला उभा राहिला.

दुसऱ्या बाजूला कोण येणार हे कुणी ठरवलं नव्हतं. भागीरथा कुंचा घ्यायला वाकली, तेवढ्यात मार्तंड आला. झोपेतून उठून आला होता, केस विस्कटलेले. त्यानं काकूच्या हातातून कुंचा घेतला आणि ताण्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. धाग्यांतून त्याचं तोंड नीट दिसत नव्हतं.

ईश्वरदास दातात कडुनिंबाची काडी धरून कुंपणाच्या भिंतीवर येऊन बसला होता. हरलेल्या माणसाला सल्ला द्यायला मोकळीक असते असं त्याचं म्हणणं होतं.

दोघंही तसेच उभे राहिले. मार्तंड बापाकडे बघत होता. जागेश्वर पलीकडून शब्द येईल म्हणून थांबला होता. आपण थांबलो आहोत हे त्याला कळत नव्हतं.

"खळ वाळून राहिली ना गा," ईश्वरदास भिंतीवरून म्हणाला. "कोनाची वाट पाहून राहिले दोघंबी?"

जागेश्वरनं कुंचा धाग्यांवर टेकवला.

"चाल," तो म्हणाला, आणि दोघांनी एकदम पाऊल टाकलं.